तर्कप्रश्नांतील गैरसमज कसा ओळखावा?

अंगुत्तर निकायात तथागतांनी प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एका प्रकारात उत्तर देण्यापूर्वी प्रश्नातील अर्थ वेगवेगळे करावे लागतात. हेच कौशल्य अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या एलसॅट या प्रवेशपरीक्षेत तपासले जाते. दोघांचा संवाद देऊन विचारतात : दुसऱ्याने पहिल्याच्या म्हणण्याचा कोणता चुकीचा अर्थ घेतला? आपल्याकडील क्लॅट परीक्षेतही 2020 पासून तर्कविभाग उताऱ्यांवर आधारलेला असल्याने हा अभ्यास आमच्या विद्यार्थ्यांना उपयोगी आहे.

पुढील नमुना पाहू.

मिलिंद : 1932 च्या पुणे कराराने अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व दुबळे झाले, कारण अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाच्या हाती गेली.

सुजाता : दुबळे कसे? करारान्वये प्रांतिक कायदेमंडळांत 148 जागा मिळाल्या. जातीय निवाड्यातील जागा त्याहून कमी होत्या.

सुजाताने मिलिंदच्या म्हणण्याचा कोणता अर्थ घेतला?

(अ) जातीय निवाड्यात अस्पृश्यांना जागाच नव्हत्या.
(ब) प्रतिनिधित्व दुबळे होणे म्हणजे प्रतिनिधींची संख्या घटणे.
(क) प्रत्येक राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदार प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवार निवडणार होते.
(ड) अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाकडे गेली.

इतिहास वाचलेला विद्यार्थी (क) कडे ओढला जातो, कारण ते विधान खरे आहे. परंतु येथे ऐतिहासिक सत्य विचारलेले नाही. (ड) हे मिलिंदचे प्रत्यक्ष म्हणणे आहे, गैरसमज नव्हे. (अ) सुजाताच्याच बोलण्याशी विसंगत आहे. अशा वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : सुजाताचे उत्तर चपखल ठरण्यासाठी मिलिंद काय म्हणाला असायला हवा होता? ‘संख्या घटली’ असे. म्हणून उत्तर (ब).

गैरसमज आणि मतभेद यांत गल्लत करू नये. सुजाता जर (क) मधील तरतूद दाखवून ‘निवड पूर्णपणे इतरांच्या हाती गेली नव्हती’ असे म्हणाली असती, तर तो मतभेद ठरला असता. कारण तिने मिलिंदच्या कारणालाच हात घातला असता.

गैरसमजाच्या आणखी दोन जागा ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ‘काही’ म्हटलेले ‘सर्व’ असे ऐकणे. दुसरी, ‘शिक्षणावाचून प्रगती नाही’ हे विधान ‘शिक्षण घेतले की प्रगती झालीच’ असे समजणे. येथे आवश्यक अटीला पुरेशी अट मानले जाते.

वरील नमुना आम्ही हेतुपूर्वक निवडला. जागा किती, याइतकाच त्या जागेवरील प्रतिनिधी कोणाच्या मतांवर निवडून येतो, हा प्रश्न बाबासाहेबांना महत्त्वाचा वाटत होता. आजही प्रतिनिधित्वाचा विषय निघाला की समोरचा केवळ जागांचा आकडा सांगून मोकळा होतो. तेव्हा त्याने आपले म्हणणे नाकारले की ते त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही, हे आपल्या मुलामुलींना ओळखता आले पाहिजे. म्हणणे नाकारले असेल, तर पुरावा द्यावा. पोहोचलेच नसेल, तर आधी शब्दाचा अर्थ स्पष्ट करावा.