आपल्या वतीने घेतलेले निर्णय : डिफॉल्ट मांडणी आणि त्रुटीसंदेश यांचा एक अभ्यास

इतिहासाचा अभ्यास करताना आपण राजाज्ञा, तह आणि लढाया यांच्या तारखा पाठ करतो. परंतु सामान्य माणसाचे जीवन बहुतांशी वहिवाटीने घडलेले असते. आज्ञा कोणी दिली हे सर्वांस ठाऊक असते आणि तिला विरोधही करता येतो. वहिवाट कोणी घातली हे मात्र कालांतराने विसरले जाते आणि ती निसर्गनियमासारखी भासू लागते. संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्येही अशी एक वहिवाट असते. तिला डिफॉल्ट म्हणतात. मराठीत पूर्वनिर्धारित मांडणी म्हणता येईल. वापरणाऱ्याने स्वतः काही निवडले नाही, तर सॉफ्टवेअर जे आपणहून गृहीत धरते ते डिफॉल्ट. अक्षराचा आकार, कागदाचे माप, तारखेचा क्रम, फाईल साठवण्याची पद्धत हे सारे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते. हे गृहीतक जेथे कोलमडते, तेथे पडद्यावर त्रुटीसंदेश उमटतो. म्हणून या दोन विषयांचा विचार आम्ही येथे एकत्र करीत आहोत.

आपल्या वसतिगृहातील अनेक विद्यार्थी-विद्यार्थिनी संगणकासमोर बसणाऱ्या घरातील पहिल्याच व्यक्ती आहेत. पडद्यावर न समजणारा संदेश आला की 'माझेच काहीतरी चुकले' असा त्यांचा ग्रह होतो आणि हात कळफलकावरून मागे येतो. हा ग्रह कितपत खरा आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.

१. डिफॉल्टचे सामर्थ्य

बहुसंख्य लोक डिफॉल्ट कधीच बदलत नाहीत. ते बदलता येते हेच अनेकांना ठाऊक नसते. त्यामुळे निर्मात्याने सहज केलेली निवड लाखो संगणकांवर अंतिम निर्णय ठरते. २००१ साली विंडोज एक्सपी ही प्रणाली बाजारात आली. बाहेरून येणारी अनाहूत जोडणी रोखणारी फायरवॉल तिच्यात होती, पण मुळात बंद ठेवलेली होती. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम महाजालातून पसरला. त्याच्या प्रसारासाठी वापरणाऱ्याने एखादी फाईल उघडण्याचीही गरज नव्हती. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक २ ने ती व्यवस्था सुधारून मुळातच चालू ठेवली. संरक्षणाचे साधन पहिल्यापासून घरात होते. ते चालू करण्याचे ओझे मात्र ज्याला त्याची माहितीच नव्हती त्याच्यावर टाकलेले होते.

दुसरे उदाहरण फाईलच्या नावाचे. नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरे ती फाईल कोणत्या प्रकारची आहे हे सांगतात. पडदा सुटसुटीत दिसावा म्हणून विंडोजने परिचित प्रकारांची ही शेपटी लपवण्याचे डिफॉल्ट ठेवले. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' हा उपद्रवी प्रोग्रॅम ई-मेलमधून जगभर पसरला. त्याच्या जोडपत्राच्या नावात आधी 'टीएक्सटी' आणि शेवटी 'व्हीबीएस' अशी दोन शेपट्या होत्या. खरी शेपटी लपली गेल्यामुळे अनेकांना ती साधी मजकुराची फाईल वाटली आणि त्यांनी ती उघडली. ज्या माहितीवरून धोका ओळखता आला असता, तीच माहिती सोयीच्या नावाखाली झाकलेली होती.

२. गृहीतक कोणाचे?

डिफॉल्ट ठरवणारा माणूस बहुधा स्वतःच्याच परिसराचे चित्र डोळ्यांसमोर ठेवतो. अमेरिकेत पत्रासाठी 'लेटर' हे कागदाचे माप वापरतात. आपल्याकडे ए-४ वापरतात. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. लेटर त्याहून थोडा रुंद आणि आखूड. जुन्या लेझरजेट छपाईयंत्रांवर 'पीसी लोड लेटर' असा संदेश येत असे. कागदाच्या खणात लेटर मापाचा कागद भरा, एवढाच त्याचा अर्थ. पण 'पीसी' म्हणजे कागदाचा खण आणि 'लेटर' म्हणजे पत्र नव्हे तर माप, हे वाचणाऱ्याने ओळखावे कसे? इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही या तीन शब्दांपुढे हतबल होत. मग इतरांची काय कथा!

शाळेच्या कामकाजात एक्सेलचा वापर सर्रास होतो. त्याचेही गृहीतक लक्षात घेण्याजोगे आहे. एक्सेल मुळात हिशेबासाठी असल्याने दिसेल त्या आकड्याला ते रक्कम किंवा तारीख समजते. 'इयत्ता ५ ते ८' या अर्थाने इंग्रजी आकड्यांत '५-८' असे लिहिले तर त्याची तारीख होते. '०२२' लिहिले तर पुढचे शून्य गळते. आधार क्रमांकाचे १२ अंक घातांकाच्या रूपात दिसू लागतात. याहून गंभीर बाब अशी की, एक्सेल कोणत्याही संख्येचे १५ च अंक जपून ठेवते. १६ अंकी बँक खाते क्रमांक लिहिल्यास शेवटच्या अंकाच्या जागी शून्य येते आणि कोणताही त्रुटीसंदेश येत नाही. शिष्यवृत्तीच्या यादीत असा क्रमांक गेला तर रक्कम मुलापर्यंत कशी पोहोचणार? म्हणून असे क्रमांक भरण्यापूर्वी त्या रकान्याचे स्वरूप 'टेक्स्ट' करून घ्यावे. नंतर केल्यास गेलेला अंक परत येत नाही.

हा अनुभव केवळ शाळांचा नाही. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे 'मार्च १', 'सेप्ट १' अशी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करीत असे आणि ती चूक शोधनिबंधांपर्यंत जाई. अखेर जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये नवे नियम जाहीर करताना ती नावे बदलून 'मार्चएफ १', 'सेप्टिन १' अशी केल्याचे सांगितले. असे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली. यंत्राच्या सवयीपुढे विज्ञानाने आपली परिभाषा बदलली, ही घटना डिफॉल्टचे सामर्थ्य सांगण्यास पुरेशी आहे.

मराठी लिहिणाऱ्यास नोटपॅडचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. अनेक वर्षे नोटपॅड मजकूर साठवताना 'अ‍ॅन्सी' ही पद्धत गृहीत धरीत असे. तिच्यात देवनागरी अक्षरांना जागाच नव्हती. मराठी मजकूर साठवू लागल्यास एक लांबलचक इंग्रजी सूचना येई : युनिकोड अक्षरे नष्ट होतील, ती राखायची असतील तर 'कॅन्सल' दाबून यादीतून युनिकोडचा पर्याय निवडा. घाईने 'ओके' दाबणाऱ्याच्या निबंधाची प्रश्नचिन्हांची रांग होत असे. या सूचनेत कारण होते, उपायही होता; पण ती इंग्रजीत होती आणि लेखन वाचवण्यासाठी 'रद्द करा' दाबावे लागत होते. २०१९ च्या विंडोज १० मधील सुधारणेत नोटपॅडचे डिफॉल्ट यूटीएफ-८ झाले, म्हणजे जगातील बहुतेक सर्व लिप्या सामावणारे. त्यानंतर त्या सूचनेचे कारणच उरले नाही. यातून एक तत्त्व निघते : योग्य डिफॉल्ट ठेवले तर पुष्कळसे त्रुटीसंदेश लिहावेच लागत नाहीत.

३. संदेशाची भाषा

विंडोज ९५ च्या काळात एखादा प्रोग्रॅम कोसळला की पडद्यावर येई, 'या प्रोग्रॅमने बेकायदेशीर कृती केली आहे आणि तो बंद करण्यात येईल.' 'इल्लीगल' हा तेथे तांत्रिक शब्द होता. प्रोसेसरला मान्य नसलेली क्रिया एवढाच त्याचा आशय. वाचणाऱ्याला मात्र आपल्या हातून गुन्हा घडल्यासारखे वाटे. मराठी रूपांतरांतही 'इनव्हॅलिड' साठी पुष्कळदा 'अवैध' हा शब्द येतो. अवैध दारू, अवैध बांधकाम यांच्या पंगतीत मुलाची जन्मतारीख किंवा मुलीचे नाव बसवणे योग्य नव्हे.

न समजणाऱ्या संदेशाचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो, याचे उदाहरण वैद्यकक्षेत्रात आहे. कॅनडात बनलेल्या थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडातील सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग झाला. मूळ दोष यंत्राच्या रचनेत व सॉफ्टवेअरमध्ये होता. परंतु टेक्सासमधील टायलर येथे १९८६ साली चालकाच्या पडद्यावर फक्त 'मालफंक्शन ५४' एवढेच उमटले. या क्रमांकाचा उलगडा चालकाच्या पुस्तिकेत नव्हता. तशा सूचना नेहमीच येत आणि 'पी' ही कळ दाबून काम पुढे नेण्याची रीत पडली होती. कळ दाबली गेली आणि रुग्णाला दुसरा आघात झाला. काही महिन्यांनी त्याचा मृत्यू झाला. त्या कळीमागे बसलेल्या व्यक्तीला दोष देणे सोपे आहे. तिला त्या क्षणी काय सांगितले गेले होते, हा खरा प्रश्न आहे.

सूचनांचा भडिमारही घातकच असतो. २००७ च्या विंडोज व्हिस्टामध्ये परवानगी विचारणाऱ्या खिडक्या इतक्या वारंवार येत की लोक न वाचता होकार देऊ लागले. पुढील आवृत्तीत त्या कमी कराव्या लागल्या.

४. काही नियम

वरील विवेचनावरून आम्ही पुढील नियम सुचवितो.

(अ) डिफॉल्ट असे असावे की काहीच न बदलणारा, सर्वांत कमी माहिती असलेला माणूस सुरक्षित राहील.

(आ) सॉफ्टवेअरने आपणहून केलेला बदल दिसला पाहिजे आणि तो उलटवता आला पाहिजे.

(इ) जेथे न्याय्य अंदाज बांधता येत नाही तेथे जागा रिकामी ठेवावी. समजा, प्रवेशाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रवर्गाच्या रकान्यात 'खुला' हे उत्तर आधीच भरलेले आहे. घाईत माहिती भरणाऱ्याकडून ते तसेच राहिले, तर अनुसूचित जातीच्या मुलाची शिष्यवृत्ती कोणीही नाकारल्याशिवाय जाईल. प्रवर्ग, धर्म, मातृभाषा, संमती या गोष्टी माणसाने स्वतः सांगावयाच्या असतात.

(ई) त्रुटीसंदेशाने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत : काय घडले, का घडले आणि आता काय करावे. 'त्रुटी : अवैध तारीख' असे लिहिण्याऐवजी असे लिहिता येईल : '३१/०६/२०११ ही तारीख नोंदवता आली नाही, कारण जून महिन्यात ३० दिवस असतात. जन्मतारीख दिवस, महिना, वर्ष या क्रमाने पुन्हा लिहा. आपण भरलेली इतर माहिती सुरक्षित आहे.' यातील शेवटचे वाक्य विसरू नये. तासभर बसून अर्ज भरणाऱ्याला सर्वाधिक धास्ती त्याचीच असते.

(उ) बटणावर 'होय', 'नाही' यांऐवजी कृतीचे नाव असावे : 'साठवा', 'साठवू नका'. प्रश्न नीट न वाचणाराही मग फसत नाही.

५. विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

संगणक कक्षात एक वही ठेवावी. जो संदेश कळला नाही तो तारखेसह तीत उतरवावा. शेजारी त्याचा अर्थ शोधून लिहावा आणि खाली तोच संदेश सोप्या मराठीत स्वतः रचावा. वर्षअखेरीस त्या वहीतून पुढील तुकडीसाठी उत्तम मार्गदर्शिका तयार होईल. लिब्रेऑफिससारख्या मुक्त सॉफ्टवेअरचे मराठी रूपांतर स्वयंसेवकांच्या श्रमांतून घडत असते. ज्यांची भाषा चांगली आहे अशा वरच्या वर्गातील मुलामुलींनी त्या कामात जरूर हात घालावा.

तुमच्यापैकी काही जण पुढे सॉफ्टवेअर लिहितील. तेव्हा प्रत्येक डिफॉल्ट ठरवताना, प्रत्येक संदेश लिहिताना, पहिल्यांदाच संगणकासमोर बसलेल्या आणि शेजारी विचारायला कोणी नसलेल्या मुलाचा किंवा मुलीचा विचार करावा. त्या मुलांना काय समजेल आणि काय नाही, हे तुमच्याइतके चांगले दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?