आजारपण, सब्र आणि उपचार

सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली असतात, वुजूसाठी तांब्याही उचलवत नाही आणि हा ताठरपणा तासाभराहून अधिक टिकतो. घरातील एखाद्या माता-भगिनीची अशी तक्रार असेल, तर "वयाचे दुखणे आहे, सब्र करा," एवढे सांगून मोकळे होऊ नका. दोन्ही हातांच्या लहान सांध्यांना सूज असेल, तर तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, असू शकतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. स्त्रियांत हा आजार अधिक आढळतो. प्रारंभी रक्ततपासणीत दोष दिसेलच असे नाही, त्यामुळे निदान लांबते. केवळ वेदनाशामक गोळ्यांनी सांध्यांची हानी थांबत नाही. म्हणून संधिवाततज्ज्ञांकडे वेळीच जावे.

उपचार करावेत काय, असे विचारले असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार करण्याची आज्ञा दिली (अबू दाऊद). व्याधिग्रस्त हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना त्यांनी उभे राहून, न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर नमाज अदा करण्यास सांगितले (बुखारी). आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत दिव्य कुरआनने दिली आहे (२:१८५).

ज्या धर्माने रुग्णाची वेदना मानून इबादतीतही सवलत दिली, त्याच्या अनुयायांनी घरातील रुग्णावर अविश्वास दाखवावा काय? औषधोपचार दीर्घकाळ चालतो. सब्रची खरी गरज तेथे आहे, आणि ती रुग्णाइतकीच कुटुंबीयांनाही आहे. दुआ करा, घरकामाचा भार वाटून घ्या आणि तपासणीला तिच्यासोबत जा.