शेठजींची जागा आणि नमुना ८ वरचं नाव

मैत्रिणींनो, वर्ध्याला दवाखान्याला, बाजाराला आपण जातोच. बजाज चौकात उतरतो, तिथूनच देवळीची गाडी धरतो. तो बजाज म्हणजे नुसता स्कूटरवाला नाही बरं का! स्कूटर नंतर आली. चौकाला नाव मिळालं ते जमनालाल बजाज यांच्यामुळे. या महिन्याच्या अभ्यासाला त्यांनाच घेऊया, कारण जागाजमिनीचं काय करायचं हा प्रश्न आज आपल्या दारात आला आहे. देवळीच्या रस्त्याला प्लॉट पडत आहेत, रेल्वेत वावरं गेली आहेत.

जमनालालजींचा जन्म १८८९ चा, राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातला. वर्ध्याचे शेठ बच्छराज यांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतलं. मुलगा देताना आईवडिलांनी पैसे घेतले नाहीत, गावासाठी विहीर बांधून मागितली, असं सांगतात. सतरा वर्षांचे असताना आजोबांशी खटका उडाला, तेव्हा पोराने सरळ स्टँपपेपरवर लिहून दिलं की तुमच्या इस्टेटीवर माझा हक्क नाही. आणि घर सोडलं. समजूत घालून परत आणलं म्हणून बरं, नाहीतर वर्ध्याचं चित्र वेगळं असतं.

पुढे कापसाचा व्यापार, साखर कारखाना, असं बरंच वाढवलं. ते सगळं इथे सांगत नाही. आपल्या कामाचं आहे ते त्यांनी जागांचं काय केलं. आजचा बिल्डर जागा घेतो, बांधतो, विकतो. यांनी जागा घेतली, बांधली आणि कामाला लावली. १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघाला आपली बाग आणि घर दिलं, तेच मगनवाडी. तिथे तेलघाणी, गूळ, हातकागद यांचे प्रयोग झाले. आपल्या गटातल्या तायांनी घाणीच्या तेलाचा धंदा आज काढला, तर ती वाट तिथूनच येते. पवनारला धाम नदीकाठचा बंगला विनोबांना राहायला मिळाला. सेगावची मालगुजारी त्यांच्याकडे होती, तिथे १९३६ मध्ये गांधीजी येऊन राहिले. शेगावच्या नावाशी घोळ होऊन टपाल भलतीकडे जायचं, म्हणून १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं.

सगळ्यात अवघड काम मला वाटतं ते १९२८ चं. आजोबांनी बांधलेलं लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी दलितांसाठी उघडलं. पैसा देणं एक, आणि आपल्याच जातभाईंचा राग ओढवून घेणं दुसरं. इंग्रजांनी दिलेली रायबहादूर पदवीही त्यांनी १९२१ मध्येच परत केली होती.

संपत्तीचे आपण मालक नाही, विश्वस्त आहोत, हा गांधीजींचा विचार त्यांनी मानला. विश्वस्त म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं शिकवायला नको. गटाचं पासबुक ज्या ताईकडे असतं तिला विचारा! पैसा तिच्या हातात, पण तिचा नाही.

आता जानकीदेवींबद्दल. लग्न झालं तेव्हा त्या लहान मुलगी होत्या. पुढे त्यांनी सोनं सोडलं, पडदा सोडला, सभांतून बोलू लागल्या. ११ फेब्रुवारी १९४२ ला जमनालालजी अचानक गेले. त्यानंतर गोसेवेचं काम त्यांनी अंगावर घेतलं. भूदानाच्या काळात तर त्या गावोगाव विहिरींसाठी दान मागत फिरल्या, कूपदान म्हणत त्याला. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

इथे थांबून एक विचारते. दान करायला किंवा विकायला, आधी काहीतरी आपलं असावं लागतं ना? तुमच्या घरावर नाव कोणाचं आहे? सारवता तुम्ही, घरकुलाच्या विटा वाहिल्या तुम्ही. पण वावर रेल्वेत गेलं, तर मोबदला ७/१२ वर नाव असेल त्याच्या खात्यात जातो. एकदा प्लॉटवाल्याला सही दिली की नंतर बोलून उपयोग नसतो.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावण्याचा शासन निर्णय २००३ पासून आहे. अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा आणि पोच घ्यायची. शेतासाठी लक्ष्मीमुक्ती योजना आहे. त्यात नवऱ्याने तहसीलदाराकडे अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून ७/१२ वर येतं. घरात हा विषय काढला की "का, माझ्यावर भरवसा नाही का?" हे ऐकावं लागेल. भांडू नका, पण विषयही सोडू नका. "भरवसा आहे म्हणूनच तर कागदावर यायला काय हरकत आहे?" असं म्हणून पाहा. विधवा आणि एकट्या तायांनी वारस नोंद झाली आहे का, ते आधी तपासा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घराचा नमुना ८ आणि शेत असेल तर ७/१२ सोबत आणा. ज्यांना वाचता येत नाही त्यांचा उतारा सीआरपी ताई वाचून दाखवतील. कोणाचं नाव आहे आणि कोणाचं नाही, ते गटाच्या रजिस्टरमध्ये लिहून घ्या. अर्ज मी घेऊन येते.