आधी पाणी शोध, मग वायर

चि. मनू हिस,


तुझं पत्र मिळालं. डावीकडच्या सीटपुढचं कार्पेट ओलं, सेंट्रल लॉक मधूनच आपोआप पडतं, आणि गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही. गॅरेजमध्ये नवी बॅटरी आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूल घालायला सांगितलंय. तू अजून होकार दिला नाहीस, हे फार चांगलं केलंस. या तिन्ही तक्रारी मला एकाच दुखण्याच्या वाटतात. पुष्कळ गाड्यांत फ्यूज बॉक्स आणि मॉड्यूल डॅशबोर्डखाली असतात, वायरी कार्पेटखालून जातात. कारण न शोधता मॉड्यूल बदललंस, तर चिपळूणच्या पावसात नव्या मॉड्यूलवरही तेच पाणी पडेल.

पाणी साचलेलं दिसतं तिथूनच ते आत आलं, असं धरू नकोस. पत्र्याच्या घडीतून, वायरींच्या जुडग्यावरून सरकत ते सगळ्यात खोल जागा गाठतं. म्हणून आधी ते कोणतं पाणी आहे ते ठरव. चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर ते कूलंट आहे, हीटरच्या जाळीतून गळतंय. ते विषारी असतं, हात धुऊन टाक. स्वच्छ, बिनवासाचं असेल तर दोन वाटा उरतात, एसी आणि पाऊस. आपल्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून एसीची कॉइल आणि ब्लोअर बहुधा डावीकडे डॅशबोर्डखाली बसवलेले असतात. कॉइलवर जमणारं पाणी एका नळीने गाडीखाली पडायला हवं. कोरड्या, मोकळ्या जागी गाडी उभी करून एसी चालू ठेव. कोकणातल्या दमट हवेतही पंधरा-वीस मिनिटांत खाली थेंब पडले नाहीत, तर ती नळी तुंबलीय. आणि गाडी नुसती उभी असताना पावसानेच ओल वाढत असेल, तर पाणी बाहेरचं.

तुझी गाडी आंब्याखाली उभी असते, म्हणून माझा पहिला संशय वायपरखालच्या काळ्या प्लॅस्टिकच्या जाळीवर आहे. ती काढ. खाली पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही टोकांना पाणी जायची भोकं असतात. पानं आणि माती बसून ती बुजली की पन्हळ भरते आणि पाणी ब्लोअरच्या हवेच्या तोंडातून थेट तुझ्या कार्पेटवर येतं. त्यानंतर दार बघ. काचेच्या फटीतून दाराच्या आत पाणी जाणं हा दोष नव्हे. दाराच्या तळाला भोकं असतात, तिथून ते निघून जातं. पण आतल्या पॅडमागे चिकटवलेला प्लॅस्टिकचा पडदा कुणी स्पीकर बसवताना फाडला असेल, तर तेच पाणी पॅडमधून आत झिरपतं. मागच्या मालकाने फॉग लॅम्प लावले होते ना? ती वायर इंजिनाकडून आत कुठून घेतलीय ते पाहा. वायरी जिथून आत येतात, त्या रबराला भोक पाडून तसंच सोडून देणारे खूप भेटतात.

तपासायची रीत अशी. कार्पेट उचल, आतला जाड फोम पूर्ण वाळव. वरून हात लावला तर कोरडं लागतं, पण फोम आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो. खाली वर्तमानपत्र अंथर. कुणाला तरी टॉर्च घेऊन आत बसव आणि तू बाहेरून पाइपने मंद धार सोड. खालून सुरुवात कर, एका जागी पाच-दहा मिनिटं थांब, मगच वर सरक. वरून सुरुवात केलीस तर पाणी सगळीकडून खाली येतं आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर नको. आणि सापडेल त्या फटीत सिलिकॉन भरत सुटू नकोस, त्याने पाणी जायची भोकंच बुजतात.

ओल बंद झाली की वायरिंग. किल्ली दूर ठेव, आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ आणि जोडताना ती शेवटी जोड. पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, त्यांना मल्टिमीटरचं टोकसुद्धा लावायचं नाही. बाकीचे कपलर उघडून हिरवी-पांढरी भुकटी शोध. सापडली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ कर. वायरीचं तांबं आत काळं पडलं असेल, तर तेवढा तुकडा कापून नवा जोडावा लागेल, नुसती टेप गुंडाळून भागणार नाही.

बॅटरीवर आळ घेण्याआधी मीटर लाव. रात्रभर शांत राहिलेली भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. 12.2 म्हणजे निम्मी उतरली. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5 यायला हवेत. हे आकडे ठीक असूनही बॅटरी उतरते, तर गाडी बंद असताना कुणीतरी करंट खातंय. मीटर 10 अँपिअरच्या खाचेत लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि वायर यांच्यामध्ये जोड. अर्धा-पाऊण तास थांब, मॉड्यूल झोपायला वेळ घेतात. मग करंट साधारण 50 मिलिअँपिअरच्या खाली यावा. या अवस्थेत सेल्फ मारू नकोस, मीटरचा फ्यूज जाईल. जास्त दिसलं तर लगेच फ्यूज उपसू नकोस, त्याने मॉड्यूल पुन्हा जागे होऊ शकतात. निगेटिव्ह वायर परत जोड, मीटरचं टोक 10 अँपिअरच्या खाचेतून काढून व्होल्टच्या खाचेत घाल, मॉड्यूल पुन्हा झोपेपर्यंत थांब आणि प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोज. जिथे आकडा दिसेल, त्या फ्यूजमधून करंट जातोय.

अर्थिंगचं मात्र नीट ऐक, कारण इथे जाणतेही फसतात. मीटरची बीप वाजली म्हणजे वायर चांगली, असं नाही. दहापैकी एक तार शाबूत असली तरी बीप वाजते, पण दिवा लावला की ती तार भार पेलत नाही. म्हणून दिवा चालू ठेवून मोज. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं दिव्याच्या अर्थिंगवर. 0.2 व्होल्टच्या वर आलं, तर अर्थिंगच्या बोल्टखालचा गंज खरवडून काढायलाच हवा.

फ्यूज उडत असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाल. 10 च्या जागी 20 चा घातलास, तर फ्यूजऐवजी वायर जळेल, आणि गाडीला आगही लागू शकते.

आणखी एक. चिपळूणचा 22 जुलै 2021 चा पूर तू पाहिलायस. गाडी कधी पाण्यात बुडाली, तर सेल्फला हातच लावायचा नाही. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी काढायची आणि गाडी ओढून न्यायची.

बॅटरी आणि मॉड्यूल दोन्ही तूर्त घेऊ नकोस. रविवारी पन्हळ साफ कर, फोम उन्हात किंवा पंख्याखाली वाळव, आणि वर सांगितलेले आकडे वहीत लिहून मला फोन कर.

तुझा,
मामा