सुट्टीतले शिबिर

शिरूर आणि दौंड तालुक्यांत हुशार मुले पुष्कळ आहेत. बारावीला गुण चांगले पडतात. पण वेळेवर दाखला मिळत नाही आणि कॉलेजातली जागा हातची जाते. म्हणून आम्ही सांगतो, मे महिन्यात गावच्या शाळेत तीन दिवसांचे शिबिर भरवा. अकरावी झालेल्या मुलामुलींना बोलवा. आईबापांनीही यावे.

पहिला दिवस कागदांचा. उत्पन्नाचा, रहिवासाचा असे दाखले तहसील कचेरीतून मिळतात. जातीचा दाखला प्रांताधिकारी देतात. जातपडताळणीला वेळ लागतो. तो अर्ज बारावीतच करावा. सगळ्या कागदांवर नाव एकसारखे आहे का? आता आपल्याला वाचता येते. स्वतः वाचून पाहा.

दुसरा दिवस वाटा समजून घेण्याचा. शेतकी, इंजिनेरी, नर्सिंग यांपैकी कशाला कोणती प्रवेश परीक्षा लागते, ते मास्तरांनी सांगावे.

तिसऱ्या दिवशी संगणकावर अर्ज भरून पाहावा.

मुलींना मागे ठेवू नका. २०२४ साली राज्य सरकारने मागास व दुर्बल घटकांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत हवे. पण त्यालाही दाखला लागतोच!

पेरणीआधी रान तयार करतो ना? तसेच हे.