ग्लोव्हज काढण्याआधी

चि. सोहम यास,


तुझ्या आईचा फोन आला होता. टायब्रेकरमध्ये तू ग्लोव्हज काढून फेकलेस, दोन पेनल्टी बोटांना लागून आत गेल्या, सामना गेला, आणि तेव्हापासून तू घरात कोणाशी धड बोलत नाहीस, एवढं समजलं. ग्लोव्हज का काढलेस हे ताईला कळलं नाही. मला लगेच कळलं. गणपतीत आला होतास तेव्हा पोर्तुगालच्या गोलकीपरचा, रिकार्दोचा तो व्हिडिओ जेवतानाही बघत होतास. मामीनं दोनदा आमटी वाढली तरी तुझा पत्ता नव्हता.

आधी एक सांगतो. तालमीतली मंडळी काहीही म्हणोत, तू नियम मोडलेला नाहीस. खेळाडूला शिनगार्ड सक्तीचे असतात, गोलकीपरला ग्लोव्हज नसतात. तेव्हा त्या बोलण्याचं मनावर घेऊ नकोस. पण ज्याचं बघून तू हे केलंस, त्याचं सगळं बघ की! दीड मिनिटात कसला गोलकीपर कळतो?

२४ जून २००४. लिस्बनचं लुझ स्टेडियम, युरोची उपांत्यपूर्व फेरी, पोर्तुगाल आणि इंग्लंड २-२. टायब्रेकरची पहिलीच पेनल्टी बेकहॅमनं बारवरून मारली, त्यात रिकार्दोचं कर्तृत्व काही नव्हतं. मग ओवेन, लॅम्पार्ड, टेरी, हारग्रीव्ह्ज, अॅशली कोल असे ओळीनं पाच जण त्याला चुकवून गेले. सातव्या पेनल्टीला डॅरियस व्हॅसल आला तेव्हा त्यानं ग्लोव्हज काढले आणि ती अडवली. लगेच स्वतःच बॉल ठेवला, डेव्हिड जेम्सच्या बाजूनं आत घातला. ६-५. अख्खा पोर्तुगाल रस्त्यावर.

तुझा व्हिडिओ इथं संपतो. माझं सांगणं इथून पुढचं आहे.

बरोबर दहा दिवसांनी, ४ जुलैला, त्याच मैदानावर अंतिम सामना. समोर ग्रीस. सत्तावन्नाव्या मिनिटाला उजवीकडून कॉर्नर आला, रिकार्दो गोल सोडून पुढे झाला, बॉलपर्यंत पोचला नाही आणि कारिस्तेआसनं हेडर मारला. सामन्यातला तेवढाच गोल. यजमान हरले. पुढच्या वर्षी १४ मे ला पुन्हा तेच लुझ. आता तो स्पोर्टिंगकडून, समोर बेन्फिका, लीगचा शेवटून दुसरा सामना, पारडं कुठंही झुकेल अशी स्थिती. शेवटच्या दहा मिनिटांत फ्री किक आली, हा वर उठला, लुईझाओ त्याच्या आधी पोचला. बेन्फिका चॅम्पियन झाली. आपल्याला धक्का दिला असं रिकार्दो म्हणत राहिला, आणि लिस्बनमध्ये त्यावर अजून वाद घालतात. चारच दिवसांनी युएफा कपची अंतिम लढत, तीही स्पोर्टिंगच्या स्वतःच्या मैदानावर. स्पोर्टिंग एका गोलनं पुढे असताना सीएसकेए मॉस्कोनं बरोबरी साधली. कशावर? फ्री किकवरून आलेल्या हेडरवर. सामना ३-१ नं गेला.

सापडलं का तुला? पेनल्टीनं त्याचं नाव झालं, पण गाठलं त्याला हवेतल्या बॉलनं. सगळा दोष त्याचाच असं मी म्हणत नाही. हेडर मारणाऱ्याला मोकळं सोडणारा बचावपटूही असतोच. पण लोक बचावपटूचं नाव विसरतात आणि गोलकीपरचं लक्षात ठेवतात. ही नोकरीच तशी आहे.

ग्लोव्हजचं म्हणशील, तर २००६ चा विश्वचषक बघ. गेल्सेनकिर्शेन, १ जुलै, पुन्हा इंग्लंड, पुन्हा टायब्रेकर. या वेळी ग्लोव्हज हातात होते. लॅम्पार्डची अडवली, जेरार्डची अडवली. कॅराघरनं तर शिट्टीची वाट न बघता मारून गोलच केला होता. पंचांनी परत मारायला लावलं आणि ती रिकार्दोनं अडवली. हारग्रीव्ह्जचा गोल झाला, त्यालाही त्याचा हात लागला होता. विश्वचषकाच्या एका टायब्रेकरमध्ये तीन पेनल्टी अडवणारा तो पहिलाच. हे कसं जमलं? मला विचारशील तर तो थांबायला शिकला होता. मारणाऱ्याचा टेकवायचा पाय कुठं वळतोय हे दिसेपर्यंत थांबायचं आणि मग झेपावायचं. तू दरवेळी आधीच पडतोस. उघड्या हातांनी पडलास काय किंवा ग्लोव्हज घालून पडलास काय, बॉल दुसऱ्याच बाजूला जाणार.

आणखी एक. तुझ्याऐवजी त्या दुसऱ्या पोराला घ्यायला हवं होतं अशी पेठेत चर्चा आहे म्हणे. असू दे. रिकार्दोच्या मागे बाईआ होता. व्हितोर बाईआ म्हणजे २००२ च्या विश्वचषकात ज्याच्यासाठी रिकार्दोला बाकावर बसावं लागलं तो. २००४ च्या मे महिन्यात तो पोर्टोबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकला, आणि पोर्तुगालचा प्रशिक्षक स्कोलारीनं त्याला युरोच्या संघातच घेतलं नाही. देश चिडलेला. त्या वातावरणात रिकार्दो गोलमध्ये उभा होता. मजा अशी, की बाईआनं ती चॅम्पियन्स लीग जिंकली ते मैदानही गेल्सेनकिर्शेनचंच. दोन वर्षांनी रिकार्दोनं तिथंच तीन पेनल्टी अडवल्या. बाईआच्या चाहत्यांचं तोंड त्यानं बंद झालं असेल असं मला वाटत नाही. तुझ्या पेठेतल्यांचंही होणार नाही, तेव्हा त्या नादाला लागू नकोस.

२००८ च्या युरोत पोर्तुगाल जर्मनीविरुद्ध ३-२ नं हरलं, तेव्हाही फ्री किक आणि हेडर, एकदा क्लोझे, एकदा बालाक. बालाकनं आधी ढकललं होतं, हेही खरं. देशासाठीचा रिकार्दोचा तो शेवटचा सामना ठरला. पुढे स्पेनमध्ये त्याची बेटिस खालच्या श्रेणीत घसरली आणि २०११ च्या जानेवारीत तो इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत लेस्टरला गेला. तिथला प्रशिक्षक कोण? एरिक्सन, दोन्ही वेळा इंग्लंडचा जो होता तो! आणि संघात कोण? डॅरियस व्हॅसल. दोघं एकाच ड्रेसिंग रूममध्ये. ज्याची पेनल्टी अडवून एकाचं नाव झालं आणि दुसऱ्याच्या कपाळी तो शिक्का बसला, ते दोघं रोज सकाळी सरावाला एकत्र. एरवी २००१ साली बोआविश्ताला पहिलं विजेतेपद मिळालं तेव्हा गोलमध्ये हाच रिकार्दो होता, हे आपल्याकडे कोणाला ठाऊक आहे? १९४६ नंतर बेन्फिका, पोर्टो, स्पोर्टिंग या तिघांबाहेरचा संघ प्रथमच जिंकला होता. वर्षभर गोल सांभाळल्याचा व्हिडिओ कोणी काढत नाही.

म्हणून पुढचा महिनाभर पेनल्टीचा सराव बंद. संध्याकाळी फक्त क्रॉस. चार आडदांड पोरं सहा यार्डात उभी कर, त्यांना खांदा मारायला सांग, आणि दोन्ही बाजूंनी बॉल टाकून घे. पहिल्या पोस्टला चिकटून उभा राहू नकोस, मधोमध राहा, अंग थोडं मैदानाकडे उघडं. निघायचं की थांबायचं हे एकदाच ठरव. निघालास तर ‘कीपर’ म्हणून एवढ्या जोरात ओरड की पलीकडच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे. उडताना गुडघा वर, बॉल डोक्याच्या वर पकडायचा. ओला असेल तर पकडण्याचा हट्ट नको, दोन्ही मुठींनी बाजूला, लांब मार. मधे मारलास तर थेट समोरच्याच्या पायात जाईल. निम्म्यात थबकणं सगळ्यांत वाईट.

दिवाळीत मी चार दिवस कोल्हापूरला येतोय. सकाळी सहाला मैदानावर ये, क्रॉस मी मारतो. ताईला सांग, पाठ धरली तर शेकायला तिलाच बसावं लागेल.

तुझा,
विनूमामा