ठोकळ्यावरचा ठोकळा



न्यूटनने आपले गतीचे तीन नियम इ. स. १६८७ मध्यें प्रसिद्ध केले. ते मुखोद्गत असणारे विद्यार्थी पुष्कळ आढळतात. परंतु एका ठोकळ्यावर दुसरा ठेवून प्रश्न विचारला कीं त्यांतले बरेच अडखळतात. "घर्षण गतीला नेहमीं विरोध करतें" हें अर्धसत्य मनांत घट्ट बसलेलें असतें, हेंच त्याचें कारण होय.

टेबलावर दोन पुस्तकें एकावर एक ठेवा व खालचें हळूहळू ओढा. वरचेंही पुढें येतें. त्यास तर कोणीं हात लावला नाहीं. मग पुढें नेलें कोणीं? घर्षणानेंच! घर्षणाचा विरोध असतो तो दोन पृष्ठभागांच्या परस्परांवरून घसरण्यास. तिसऱ्या नियमाप्रमाणें वरचें पुस्तक खालच्यास तितक्याच बलानें मागें ओढतें.

आतां गणित करूं. खालचा ठोकळा ३ किलोग्रॅम, वरचा २ किलोग्रॅम. जमीन अगदीं गुळगुळीत. ठोकळ्यांमधील घर्षणांक, ते स्थिर असोत वा घसरोत, ०.३ धरूं. गुरुत्वत्वरण सोयीसाठीं १० मीटर प्रति वर्गसेकंद मानूं. घर्षणाची मर्यादा ०.३ × २ × १० = ६ न्यूटन. खालचा ठोकळा १० न्यूटननें ओढल्यास घर्षण किती?

"६ न्यूटन," असें घाईनें उत्तर येतें. तें पडताळूं. वरच्याचें त्वरण ६ ÷ २ = ३ व खालच्याचें (१० − ६) ÷ ३ = १.३३. म्हणजे ओढला खालचा आणि पुढें धांवला वरचा! असें घडणें अशक्य आहे. म्हणून प्रथम दोन्ही एकत्र चालतात असें माना. त्वरण १० ÷ ५ = २; वरच्यास हवें असलेलें घर्षण २ × २ = ४ न्यूटन. तें मर्यादेच्या आंत आहे, म्हणून घसरणें नाहीं. घर्षण गरजेपुरतेंच लागतें.

घर्षण वरच्यास अधिकांत अधिक ३ इतकें त्वरण देऊं शकतें; म्हणून ५ × ३ = १५ न्यूटनपर्यंत जोडी टिकते. २० न्यूटननें ओढल्यास खालच्याचें त्वरण ४.६७ होतें व वरचा मागें पडतो. तरी जमिनीवरून पाहणाऱ्यास तोही पुढेंच जातांना दिसतो.

पालकांसही यांत एक बोध आहे. वरील ३ हा आंकडा घर्षणांक व गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार आहे. त्यांत वस्तुमान नाहींच. पेटी जड आहे म्हणून गाडीवर न बांधतां ठेवली तरी चालेल, हा समज म्हणूनच खोटा. गाडी एकाएकीं थांबली तर जड पेटीही हलक्या पेटीइतकीच सहज घसरते. यास्तव माल जड असो वा हलका, दोर आवळून बांधावा. आणि गणितांत मर्यादा लिहिण्यापूर्वीं गरज किती तें पाहावें.